एसटी (निःसंदिग्धीकरण)

एसटी (एस.टी.) हा इंग्रजी आद्याक्षरांपासून बनलेला संक्षेप आहे. मराठीत तो प्रामुख्याने दोन अर्थांनी रूढ आहे : राज्य परिवहन (स्टेट ट्रान्सपोर्ट) आणि अनुसूचित जमाती (शेड्यूल्ड ट्राइब). ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड तालुक्यांत हे दोन्ही अर्थ दैनंदिन व्यवहारात येतात.

राज्य परिवहन

महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ व त्याची बस यांना एसटी म्हणतात. पहिली बस १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) मार्गावर धावली. शहापूर व मुरबाड ही आगारे महामंडळाच्या ठाणे विभागात येतात. शहापूर तालुक्यात आसनगाव, खर्डी, कसारा ही रेल्वे स्थानके आहेत; मुरबाड शहरात रेल्वे नसल्याने तेथे एसटीचे महत्त्व अधिक आहे.

अनुसूचित जमाती

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ३४२ अन्वये राज्यनिहाय अधिसूचित केलेल्या जमाती. या दोन तालुक्यांत महादेव कोळी, ठाकूर, कातकरी, वारली आदी जमातींची वस्ती आहे. शहापूर विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव असून मुरबाड मतदारसंघ सर्वसाधारण आहे. संपूर्ण शहापूर तालुका व मुरबाडमधील काही गावे ‘अनुसूचित क्षेत्रा’त मोडतात. मात्र ही संज्ञा प्रदेशाची आहे. त्या क्षेत्रातील प्रत्येक रहिवासी अनुसूचित जमातीचा असतोच असे नाही.

वापरातील भेद

बस या अर्थी ‘एसटी’ हे स्त्रीलिंगी नाम असून त्याला विभक्तिप्रत्यय लागतात (एसटी आली, एसटीने गेलो). प्रवर्ग या अर्थी ते बहुधा विशेषणासारखे येते (एसटी प्रवर्ग, एसटी दाखला). ‘एसटी आरक्षण’ म्हणजे बसमधील आसन राखून ठेवणे किंवा शिक्षण व नोकरीतील राखीव जागा. ‘एसटी सवलत’ या शब्दप्रयोगातही अशीच संदिग्धता आहे. महामंडळाचा विद्यार्थी पास कोणत्याही जातीच्या पात्र विद्यार्थ्यास मिळतो. प्रवर्गाच्या सवलतींसाठी मात्र जमातीचा दाखला लागतो व अनेक ठिकाणी त्याची पडताळणीही आवश्यक असते. म्हणून शासकीय मराठीत ‘रा.प.’ (राज्य परिवहन) आणि ‘अ.ज.’ (अनुसूचित जमाती) असे स्वतंत्र संक्षेप वापरले जातात. अर्जात पूर्ण संज्ञा लिहिल्यास संदिग्धता उरत नाही.

इतर अर्थ

- सेंट : ख्रिस्ती संतांच्या नावाआधीची उपाधी; उदा. मुंबईतील सेंट झेवियर्स महाविद्यालय.
- स्ट्रीट : इंग्रजी पत्त्यांतील ‘रस्ता’.
- स्टोन : १४ पौंडांचे (सुमारे ६.३५ किलोग्रॅम) ब्रिटिश वजनमाप.