कुर्ल्याच्या दोन गाड्या

लग्नात, तेराव्यात, बाजारात, जिथं भेट होईल तिथं एक प्रश्न ठरलेला: "भाऊ, शंभर घोड्यांची गाडी विकून तुम्ही ते म्हातारं डबडं कायले आणलं?" उभ्या उभ्या उत्तर देता येत नाही, म्हणून आज सगळं लिहून टाकतो. गोष्ट गाडीची आहे, पण त्यात आपल्या भागाचा आणि आपल्या लोकांचा थोडा इतिहास येतो, तेवढा गोड मानून घ्या.

आपलं गुडीहत्नूर हे रस्त्याचं गाव. वाराणसी ते कन्याकुमारी जाणारा जुना सात नंबर हायवे, आता त्याला ४४ म्हणतात, तो दारातून जातो. वर आदिलाबाद, पैनगंगेचा पूल, पाटणबोरी, नागपूर. खाली इच्चोडा, नेरडीगोंडा, निर्मलचा घाट, हैदराबाद. पूर्वेला उटनूरचा फाटा. निजामाच्या सरकारने १९३२ साली २७ बसगाड्या घेऊन आपल्या रेल्वेखात्याखाली मोटारसेवा सुरू केली. घरच्या मोटारी मात्र आपल्याकडे फार उशिरा आल्या. माझ्या लहानपणी गावातून एखादी फियाट गेली, की ती आदिलाबादच्या डॉक्टरची किंवा जिनिंगवाल्या शेटची, हे पोरांना पाठ होतं. बाकी सगळ्यांना ट्रक, बस, नाहीतर बैलगाडी.

माझे मामा किनवटचे. किनवट तेव्हा आपल्याच आदिलाबाद जिल्ह्यात होतं. १९५६ ला राज्यं नव्याने झाली, तेव्हा किनवट, राजुरा आणि बोथ तालुक्यातलं इस्लापूर मंडळ मुंबई राज्याकडे गेलं, आपण आंध्राकडे राहिलो. आईचं माहेर एका रात्रीत परराज्यात गेलं. आई म्हणायची, "माहेर तिथंच हाये, सरकारच उठून गेलं." मामा दहावी नापास होऊन मुंबईला गेले आणि साठच्या दशकात कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कारखान्यात बॉडी-शॉपला लागले. वेल्डिंगचं काम. ते १९९६ पर्यंत, म्हणजे निवृत्त होईपर्यंत, तिथंच होते.

हा कारखाना आपल्याच माणसाने उभा केलेला. वालचंद हिराचंद, जन्म सोलापूरचा, १८८२ चा. जहाजं, विमानं, साखर या सगळ्यात हात घातलेला माणूस. १९४४ मध्ये प्रीमियर कंपनी काढली. आधी अमेरिकन डॉज-प्लिमथ जोडायचे, मग इटलीच्या फियाटशी करार झाला. १९५४ च्या सुमाराला जी गोलमटोल फियाट अकराशे आली, तिला आपल्या लोकांनी लगेच नाव ठेवलं, डुक्कर फियाट. पुढे तिच्यात बदल होत होत १९७४ पासून तिला पद्मिनी म्हणायला लागले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी ती हीच. शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली तेव्हा टीव्हीवर बातमी होती. मामा तोवर राहिले नव्हते.

मामा सुट्टीला यायचे तेव्हा ओसरीवर बसून आम्हा पोरांना गाडी समजावून सांगायचे. "बैलगाडीत बैल कुठं असतात? पुढं. ते ओढतात. आमच्या फियाटीत इंजिन पुढं असतं, पण बैल मागं जुंपलेले." म्हणजे इंजिनाची ताकद एका लांब दांड्याने, प्रोपेलर शाफ्टने, गाडीच्या पोटाखालून मागच्या एक्सलला जाते आणि मागची चाकं गाडी ढकलतात. त्या दांड्याला जागा हवी, म्हणून तळाला मधोमध उंचवटा. मागच्या सीटवर तिघं बसले की मधल्याचे गुडघे हनुवटीला. ती जागा घरातल्या सगळ्यात लहान पोराची, हा नियम अख्ख्या हिंदुस्थानात पाळला गेला असावा. कारण अॅम्बेसेडर, पद्मिनी, स्टँडर्ड, काँटेसा, सगळ्यांचे बैल मागेच.

ते १४ डिसेंबर १९८३ ला बदललं. त्या दिवशी इंदिरा गांधींच्या हस्ते दिल्लीच्या एका गिऱ्हाइकाला पहिल्या मारुती ८०० ची किल्ली मिळाली. मारुतीत इंजिनही पुढे, ढकलणं नाही, ओढणं. दांडा नाही, उंचवटा नाही, लोखंड कमी, वजन कमी, पेट्रोल कमी, आत जागा जास्त. छोट्या गाडीसाठी ही रचना बरोबरच होती, त्यात वाद नाही. नंतरच्या जवळजवळ सगळ्या घरगुती गाड्या त्याच वाटेने गेल्या.

कुर्ल्याने त्यावर १९८५ मध्ये जे उत्तर काढलं, ती गाडी म्हणजे प्रीमियर ११८ एनई. तिची कुळकथा गमतीची आहे. मूळ गाडी फियाट १२४. ती १९६७ सालची युरोपातली 'कार ऑफ द इयर' होती. रशियाने तिच्याचवरून लाडा काढली. स्पेनच्या सेआतने ती आपल्याकडे बनवली, नंतर बंद केली आणि त्यांचे साचे कुर्ल्याला आले. इंजिन मात्र जपानी निस्सानचं, ११७१ सीसी. एक पूर्णांक अठरा लिटर म्हणून ११८, निस्सान इंजिन म्हणून एनई. इटलीची हाडं, स्पेनचे साचे, जपानचं काळीज, आणि वेल्डिंग किनवटच्या माणसाचं! ताकद ५२ हॉर्सपॉवर. आज हसाल, पण तेव्हा पद्मिनी चालवणारा माणूस त्यात बसला की उतरायला तयार नसे. गिअर फ्लोअरवर, हँडलवर नाही. रॅलीवाल्या पोरांनी ती पळवली. ऐपतदार घरच्या माणसाची 'चालवायची' गाडी होती ती, नुसती बसायची नव्हे.

मला मात्र ती तेव्हा परवडली नाही. माझ्या आयुष्यात जी पहिली पळणारी गाडी आली ती २००५ साली, नागपूरहून सेकंडहँड आणलेली फियाट पालिओ, १.६ जीटीएक्स. लाल. जाहिरातीत सचिन तेंडुलकर होता, ते आठवत असेल. छोटी हॅचबॅक, पण इंजिन सोळाशे सीसी आणि ताकद शंभर हॉर्सपॉवर. कापसाची आडत त्या वर्षी बरी झाली होती आणि मी चाळिशीला टेकलो होतो. काय समजायचं ते समजा. ही पालिओसुद्धा कुर्ल्यालाच तयार झालेली. मामांच्या निवृत्तीनंतरची, पण त्याच फाटकातून बाहेर पडलेली.

पालिओने मला चौदा वर्षं काहीही कमी केलं नाही. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की स्टेअरिंग हातात किंचित ओढ घ्यायचं. पुढच्याच चाकांना ओढायचंही आणि वळायचंही, तेव्हा जास्त ताकद आली की ते होणारच. त्या ओढीचीही मला सवय झाली होती, खरं सांगायचं तर चटक लागली होती. हायवे चारपदरी झाल्यावर तर विचारू नका. नागपूरला किती वेळात पोचलो, हे मी लोकांना न विचारता सांगायचो.

आता जे सांगतो ते घरच्यांपलीकडे फार कुणाला माहीत नाही. २०१८ चा ऑगस्ट. संध्याकाळची झुरमुर, मी आदिलाबादहून परत येत होतो. काटा एकशे तीसच्या पुढे होता. गावाच्या अलीकडे शेळ्यांचा कळप रस्ता ओलांडत होता आणि त्यांच्यामागे डोक्यावर पोत्याची खोळ घेतलेलं एक पोर. मला शेळ्या दिसल्या, पोर दिसलं नाही. ब्रेक दाबला. गाडी थांबली तेव्हा बॉनेट आणि ते पोर यांच्यात हातभर जागा होती. नऊ-दहा वर्षांचं असेल. त्याने माझ्याकडे पाहिलं, शेळ्यांना हाकारलं आणि निघून गेलं. मी बाजूला गाडी लावून अर्धा तास बसलो. गाडीची चूक काडीची नव्हती, उलट तिच्या ब्रेकांनी त्या दिवशी दोन घरं वाचवली. चूक माझ्या पायाची होती. ज्या रस्त्यावर मी लहानपणी बैलं हाकली, त्याच रस्त्यावरचं पोर मला दिसलं नव्हतं.

त्यानंतर पालिओत बसलं की हात थरथरायचे. पुढच्या वर्षी नांदेडच्या एका निवृत्त इंजिनिअर साहेबांकडे १९८८ ची ११८ एनई आहे आणि ते विकतायत, असं कळलं. पांढरी, घरातल्या शेडमध्ये ठेवलेली. मी नुसती बघायला गेलो होतो. त्यांनी डिकीतला मॅट उचलून खालचा पत्रा दाखवला, गंज नव्हता, वेल्डचे टिपके एका रेषेत. १९८८ ला मामा त्या खात्यात होते. हे टिपके त्यांचेच, असं मी म्हणणार नाही. शेकडो माणसं तिथं काम करायची. पण मी तिथंच टोकन दिलं.

घरी जे व्हायचं ते झालं. बायको म्हणाली, "अहो, पाय आवरता येत नाही म्हणून जुनी गाडी? पायच आवरा ना. तिला ना एअरबॅग, ना काही. उद्या कुणी ठोकलं तर?" या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हाही उत्तर नव्हतं, आजही नाही. जुनी गाडी हळू चालते म्हणून सुरक्षित, हे मनाचं समाधान आहे. समोरून येणाऱ्या ट्रकला ती किती सालची आहे हे माहीत नसतं. मुलगा हैदराबादला नोकरीला, त्याने फोनवर एकच विचारलं, "बाबा, आजीला त्यातून नेणार आहात का?" मग घरात ठराव झाला: आईला दवाखान्यात नेताना मुलाची नवी गाडी किंवा भाड्याची. रात्री हायवेवर ११८ काढायची नाही. लांब जायचं तर बस. हे तिन्ही नियम मी पाळतो. एकदा मोडला, त्याचं बोलणं अजून खातोय.

मग कागदपत्रं. महाराष्ट्रातून तेलंगणात गाडी आणायची म्हणजे तिकडच्या आरटीओचं ना हरकत, इकडं नवीन नोंदणी, टॅक्स, आणि पंधरा वर्षांवरची म्हणून दर पाच वर्षांनी फिटनेस. साताठ महिने गेले. सगळ्यात वाईट वाटलं ते नंबरचं. 'एमएच' सुरू होण्याआधीचा तिचा जुना तीन अक्षरी मुंबईचा नंबर होता, तो गेला आणि टीएस-०१ लागला. आई पाटी बघून म्हणाली, "हिचंही सरकार बदललं म्हणा की."

चालवायला कशी आहे? पहिले पंधरा दिवस रडू आलं. पॉवर स्टेअरिंग नाही, उभ्या गाडीत चाक फिरवायचं म्हणजे विहिरीवरचा रहाट. मग एका रविवारी इच्चोडा, बोथ करत किनवटला मामींकडे निघालो. जंगलातली वळणं, चढ. चढावर वजन मागे झुकतं आणि ढकलणारी चाकंही मागेच, तेव्हा पकड आपोआप मिळते. पुढच्या चाकांना काम एकच, वळायचं. स्टेअरिंग ओढत नाही, झटकत नाही, रस्ता जसा आहे तसा हाताला सांगतं. साठवर सगळं कळतं. पालिओत एकशे वीसलाही जे कळत नव्हतं ते. ओल्या वळणावर घाई केली तर मागचं बूड बाहेर निघू पाहतं, तेही ती आधी सांगते. आणि साठच्या वेगात रस्त्याकडेची माणसं दिसतात. कापूस वेचणाऱ्या बाया दिसतात, शेळ्या दिसतात, शेळ्यांमागचं पोर दिसतं.

किनवटला मामी बाहेर आल्या. ऐंशी पार केलेली बाई, दिसतं कमी. दारावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "ही तर त्यांच्यातली." मग आग्रहाने मागे मधोमध, त्या उंचवट्यावर पाय वर घेऊन बसल्या. लग्न झाल्यावर कुर्ल्याला साहेबांच्या गाडीतून एकदा गेल्या होत्या, तेव्हा तीच जागा मिळाली होती म्हणे. गावातून एक चक्कर मारून आणली. परत उतरताना दोघांनी धरावं लागलं.

कुर्ल्याच्या त्या जागेवर आता मोठ्या इमारतींची वसाहत आहे. रस्त्याला प्रीमियर रोड हे नाव राहिलंय. मागच्या वर्षी मी मुद्दाम गेलो होतो, फाटक कुठं होतं हे सांगणारा एक चहावाला भेटला. तिथून सीएसटी रोडवर जुने पार्ट मिळतात तिकडं गेलो, दोन क्लच प्लेटी आणि एक वॉटर पंप घेऊन आलो. पोतं बघून रेल्वेतल्या माणसाने विचारलं, "काका, लोखंड घेऊन कुठं निघालात?"

सध्या प्रोपेलरच्या जॉईंट क्रॉसमधून टकटक येतेय. आदिलाबादच्या मिस्त्रीने खाली वाकून ऐकलं आणि म्हणाला, "भाई, क्रॉस गया. मिला तो लाना, डालता मैं." तेव्हा मंडळी, कुणाकडे, कुणाच्या गोठ्यात, शेडात ११८ एनईचा क्रॉस किंवा मागच्या एक्सलचं सामान पडलं असेल तर कळवा, दाम देईन. आणि दुसरं, किनवट, राजुरा, बोथ, आदिलाबाद या भागातून कोणकोण कुर्ल्याच्या त्या कारखान्यात कामाला होतं, त्यांचं खातं आणि वर्षं तुमच्या घरात कुणाला आठवत असतील तर लिहा. मामींना चार नावं आठवतात, तीही अर्धी. बाकीची तुमच्याकडे असतील.