डायना एडुलजी आणि रेल्वेचा पगार

नववीतल्या एका मुलीचे अब्बा शाळेत भेटायला आले होते. मुलगी जोरात चेंडू टाकते, गल्लीतली मुलं तिला घाबरतात. शाळेच्या क्रिकेट संघात तिचं नाव आलं म्हणून ते खूश असतील, असं मला वाटलं. ते म्हणाले, "मॅडम, खेळायला आमची ना नाही. पडद्याचाही सवाल नाही. पण खेळून पोट भरतं का, एवढंच सांगा."

प्रश्न रास्त होता. मुस्लिम मुली मैदानावर का दिसत नाहीत, यावर बोलणारे बहुतेक जण थेट हिजाबवर येतात आणि तिथेच थांबतात. पगाराचं कोणी विचारत नाही. त्या दिवशी मी त्यांना डायना एडुलजींबद्दल थोडक्यात सांगितलं. इथे सविस्तर लिहिते.

डायनांचा जन्म 1956 चा, मुंबईतल्या पारशी घरातला. वडील रेल्वेत, म्हणून बालपण रेल्वे कॉलनीत गेलं आणि क्रिकेट तिथल्या पोरांबरोबर सुरू झालं. महिलांच्या क्रिकेटची देशपातळीवरची संघटना 1973 मध्ये उभी राहिली. तिची पहिली स्पर्धा पुण्यात झाली, संघ अवघे तीन: मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. तीन संघांची राष्ट्रीय स्पर्धा! आज हसू येतं, पण सुरुवात अशीच होते.

1976 मध्ये वेस्ट इंडीजच्या महिला भारतात आल्या आणि डायना पहिली कसोटी खेळल्या. त्याच मालिकेत पाटण्याला भारताने पहिला कसोटी विजय मिळवला. कर्णधार शांता रंगास्वामी होत्या. त्या काळात यष्टीमागे उभी राहणारी फौजिया खलीली मद्रासची. हे नाव आपल्याकडे किती जणांना ठाऊक आहे? मलाही फार उशिरा कळलं.

1978 चा विश्वचषक भारतात झाला, तेव्हा कर्णधारपद डायनांकडे होतं. डावखुरी फिरकी हे त्यांचं हत्यार. 20 कसोटींत 63 बळी, 34 एकदिवसीय सामन्यांत 46. आता या 20 कसोटी किती वर्षांत झाल्या ते बघा: 1976 ते 1991, म्हणजे पंधरा वर्षांत. 1977 नंतर थेट 1984 पर्यंत भारतीय महिला एकही कसोटी खेळल्या नाहीत. 1986 च्या इंग्लंड दौऱ्यानंतर तर 1991 पर्यंत आंतरराष्ट्रीय सामनाच नाही. 1988 च्या विश्वचषकाला संघ गेलाच नाही. डायना तेव्हा तिशीत होत्या. फिरकी गोलंदाजाची ही पिकण्याची वर्षं, आणि ती रिकामी गेली.

सामन्याचे पैसे मिळणं सोडाच, उलट भरावे लागत. 1982 चा विश्वचषक न्यूझीलंडमध्ये होता. प्रत्येक खेळाडूने दहा हजार रुपये आणायचे असं ठरलं. तेव्हाचे दहा हजार! महाराष्ट्रातल्या मुली मुख्यमंत्री अंतुले यांच्याकडे गेल्या आणि त्यांनी पैशांची सोय केली. बॅरिस्टर अंतुले म्हणजे आपल्याच आंबेतचे. कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं ते त्यांच्याच काळात. आपल्याकडे त्यांच्या नावाने सिमेंटच निघतं. हेही निघायला हवं.

मग या बायका खेळत कशा राहिल्या? शांता रंगास्वामी बँकेत नोकरीला होत्या. डायना पश्चिम रेल्वेत. मस्टरवर सही, महिन्याला पगार, सरावाला सवलत, प्रवासाला पास. घरच्यांनी "पुरे आता" म्हणू नये यासाठी यापेक्षा चांगलं उत्तर कोणाकडे नव्हतं.

इथपर्यंत ही एका बाईची गोष्ट झाली. मला डायनांचं मोठेपण पुढच्या भागात वाटतं. आपली नोकरी पक्की झाल्यावर त्या गप्प बसल्या नाहीत. माधवराव शिंदे रेल्वे राज्यमंत्री असताना त्यांच्याकडे जाऊन, रेल्वेने महिला क्रिकेटपटूंना नोकऱ्या द्याव्यात म्हणून त्यांनी पाठपुरावा केला. रेल्वेचा महिला संघ उभा राहिला आणि पुढे वर्षानुवर्षं देशातला सर्वांत तगडा संघ ठरला. मिताली राज रेल्वेची. नूशीन अल खदीरही रेल्वेची. एकदिवसीय सामन्यांत शंभर बळी घेणारी ही ऑफस्पिनर 2023 मध्ये 19 वर्षांखालील मुलींचा विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघाची प्रशिक्षक होती. पंजाबातल्या मोग्याची हरमनप्रीत कौर 2014 मध्ये पश्चिम रेल्वेत आली, तेव्हाही डायनांनी तिच्यासाठी खटपट केली होती.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं समजू नका. ऑस्ट्रेलियात लांबट चेंडूचा त्यांचा स्वतःचा फुटबॉल आहे, लाथेने आणि हातानेही खेळायचा. त्याची महिलांची लीग 2017 मध्ये सुरू झाली. पहिल्याच सामन्याला चोवीस हजारांवर लोक आले, दरवाजे बंद करावे लागले. पण बहुतेक मुलींना त्या हंगामाचे मिळाले साडेआठ हजार डॉलर. त्या दिवसा नोकरी करायच्या आणि संध्याकाळी सराव. लेबनॉनी घरातली हनीन झ्रेका 2019 मध्ये त्या लीगमध्ये उतरली, ती तिथली पहिली मुस्लिम महिला खेळाडू. तिचे फोटो आपल्या मुली मोबाइलवर बघतात. तिथेही पगाराची लढाई चालू होती, हे फोटोत दिसत नाही.

आपल्याकडे 2006 मध्ये महिलांचं क्रिकेट बीसीसीआयकडे आलं. 2022 मध्ये सामन्याचं मानधन पुरुषांइतकं झालं. 2023 च्या लिलावात सांगलीच्या स्मृती मानधनाला 3 कोटी 40 लाख मिळाले. त्याच वर्षी आयसीसीच्या हॉल ऑफ फेममध्ये डायनांचं नाव आलं. तो मान मिळालेल्या त्या पहिल्या भारतीय महिला. आणि 2 नोव्हेंबर 2025 ला नेरुळच्या डी. वाय. पाटील मैदानावर हरमनप्रीतच्या संघाने दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून विश्वचषक उचलला. पनवेलहून हार्बरच्या लोकलने नेरुळ किती लांब आहे, हे तुम्हाला सांगायला नको.

कोटींचे आकडे मी त्या अब्बांना मुद्दामच सांगितले नाहीत. लाखात एकीला मिळणाऱ्या रकमेवर बापाने मुलीचं आयुष्य लावावं, असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? रेल्वेचंच सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. जाताना दारातून वळून विचारलं, "मॅडम, खेळाच्या कोट्यातून लागायला दहावी चालते की बारावी लागते?"

मी म्हटलं, पदाप्रमाणे असतं. शनिवारी सकाळी सात वाजता सराव आहे, तिला पाठवा.