व्हील चॉक (मोटारसायकल वाहतुकीतील)

ट्रेलरवरून मोटारसायकल नेताना तिचे पुढचे चाक जागेवर धरून ठेवणारी धातूची चौकट. ती ट्रेलरच्या पुढच्या बाजूला बोल्टने बसवतात. तिचे मुख्य प्रकार दोन. साध्या चॉकमध्ये चाक दोन नळ्यांच्या मध्ये अडते; तो हलका व स्वस्त असतो, पण पट्टे बांधेपर्यंत गाडी कोणीतरी धरून ठेवावी लागते. झुलत्या पाळण्याच्या चॉकमध्ये चाक आत शिरताच पाळणा पुढे कलून चाकाला पकडतो. त्यामुळे गाडी उभी राहते आणि एकट्या माणसालाही ती बांधता येते.

निवड करताना टायरची रुंदी व चाकाचा व्यास, गाडीचे वजन आणि चॉक काढून ठेवण्याची सोय पाहावी. चौकट मडगार्डला किंवा ब्रेकच्या डिस्कला घासता कामा नये. बोल्ट नुसत्या फळीत न बसवता ट्रेलरच्या सांगाड्यात, किंवा फळीखाली पोलादी पट्टी देऊन बसवावेत.

चॉक चाकाचे सरकणे व वळणे रोखतो. गाडी कलंडू न देण्याचे मुख्य काम पट्ट्यांचे असते. त्यामुळे पुढे दोन व मागे दोन रॅचेट पट्टे तिरके ताणून बांधावेत आणि थोडे अंतर गेल्यावर त्यांचा ताण पुन्हा तपासावा.