अठरा नंबरच्या तोफा

स्मरणिकेचं काम पाहणाऱ्या आपल्या वर्गमैत्रिणीने फोनवर बजावलं, "आठवणी सगळेच लिहितायत. मैदान, डबे, सहल, सगळं येऊन गेलं. तू काहीतरी माहितीचं लिही." मी म्हटलं, जर्मन तोफांच्या नावांवर लिहिते. ती जरा वेळ गप्प झाली आणि मग म्हणाली, "लिही बाई, पण शाळेशी काहीतरी संबंध जोड."

संबंध ओढून आणावा लागणार नाही. इतिहासाच्या बाईंनी व्हर्सायच्या तहाची कलमं फळ्यावर लिहून दिली होती, ती पाठ करून आपण सगळ्यांनी पेपरात उतरवली. त्यात एक ओळ होती: जर्मनीच्या लष्करावर कडक निर्बंध घालण्यात आले. एका ओळीला एक गुण. निर्बंध म्हणजे नक्की काय, हे ना मी विचारलं, ना आमच्या बाकावरच्या कोणी.

ते कळायला मध्ये पंचवीसेक वर्षं गेली. ऑफिसच्या कामासाठी जर्मनीत होते आणि एका रविवारी एका लहानशा संग्रहालयात शिरले. अंगणात एक तोफ उभी होती. पाटीवर नाव होतं १५ सेंमी श्वेरे फेल्डहाउबित्से १८. पुण्यात मॅक्सम्युलर भवनात गिरवलेलं जर्मन एवढं वाचायला पुरेसं होतं. श्वेरे म्हणजे जड, फेल्ड म्हणजे मैदान, हाउबित्से म्हणजे हॉवित्झर. आणि १८ म्हणजे १९१८ सालची बनावट, हे सोबतच्या जर्मन सहकाऱ्याने सांगितलं. पण त्याच पाटीवर खाली लिहिलं होतं की ही तोफ १९३४ मध्ये सैन्यात दाखल झाली. मधली सोळा वर्षं गेली कुठे?

नाव कसं वाचायचं ते आधी सांगते, कारण आमच्या धंद्यातल्या माणसाला हेवा वाटावा इतकी ती पद्धत नेटकी होती. सुरुवातीला नळीचा आतला व्यास, सेंटिमीटरमध्ये. मग तोफेची जात. शेवटी बनावटीचं साल, फक्त दोन आकडे. बस, तोफ समजली. इंग्रज त्या काळात आपली मैदानी तोफ गोळ्याच्या वजनावरून ओळखत, म्हणजे 'पंचवीस पौंडी'. त्यावरून नळी केवढी ते काही कळत नाही. जर्मनांचा सेंटिमीटरही मात्र थोडा सैल हाताचा होता. १५ सेंमीची ही तोफ प्रत्यक्षात १४.९ सेंमीची, आणि '१० सेंमी कानोने १८' ही तर सरळ साडेदहाची.

जाती मुख्यतः तीन. आपल्या मैदानावरच्या फेकी आठवा. सीमारेषेवरून यष्ट्यांवर सपाट, जोरात मारलेला थ्रो म्हणजे कानोने: लांब नळी, जास्त वेग, जवळजवळ सरळ मार. कुंपणाच्या भिंतीपलीकडच्या चिंचेवर दगड टाकायचा तर तो वर उंच फेकावा लागायचा, ती हाउबित्से: नळी आखूड, गोळा टेकडीच्या पलीकडे जाऊन पडतो. आणि जवळजवळ डोक्यावर सरळ वर फेकून समोरच पाडायचा, ते म्योर्झर, म्हणजे उखळी तोफ. इथे जर्मनांनी स्वतःच घोळ घातला. त्यांची २१ सेंमीची 'म्योर्झर' ही वागणुकीने जड हाउबित्सेच होती, जुनं नाव तिला चिकटून राहिलं. आणि पायदळाच्या खऱ्या उखळी तोफेला ते म्योर्झर म्हणतच नसत, तिचं नाव ग्रानाटव्हेर्फर, बाँब फेकणारी.

काम वेगळं असेल तर नाव वेगळं. विमानविरोधी ती फ्लाक, रणगाडाविरोधी ती पाक, रणगाड्यावर बसवलेली ती कावेका. तिरकी रेघ आली की दोन गोष्टींचा जोड समजायचा. पाक ९७/३८ म्हणजे फ्रेंचांच्या १८९७ च्या प्रसिद्ध तोफेची नळी, जर्मन पाक ३८ च्या गाड्यावर बसवलेली. शेवटी 'एल/५६' असं दिसलं तर नळीची लांबी व्यासाच्या ५६ पट. टायगर रणगाड्याची तोफ ८.८ सेंमीची आणि एल/५६, म्हणून नळी ४९३ सेंमी. गुणाकार करा आणि मोकळे व्हा.

आता त्या सोळा वर्षांकडे येऊ. २८ जून १९१९ ला सही झालेल्या तहाने जर्मनीला एक लाखाचं सैन्य ठेवू दिलं. तोफा किती, तेही मोजून दिलं: ७.७ सेंमीच्या २०४ आणि १०.५ सेंमीच्या हाउबित्से ८४. फौजेला याहून जड मैदानी तोफखाना नाही, रणगाडे नाहीत, लढाऊ विमानं नाहीत. फळ्यावरच्या त्या एका ओळीच्या पोटात एवढं सगळं होतं. तपासणीसाठी दोस्तराष्ट्रांचा आयोग बर्लिनमध्ये बसला होता, तो जानेवारी १९२७ मध्ये उठला.

पण कागदावरचं काम आयोग उठायची वाट पाहत थांबलं नव्हतं. ऱ्हाइनमेटाल आणि क्रुपच्या ड्रॉइंग बोर्डांवर १९२० च्या दशकाच्या मध्यापासून नव्या तोफा आकार घेऊ लागल्या. पायदळाची हलकी तोफ, साडेदहाची हलकी हाउबित्से, पंधराची जड हाउबित्से. नळी एकाची, गाडा दुसऱ्याचा, अशी तडजोडही त्यात झाली. नावं ठेवताना शेवटी लावला गेला तो आकडा १८. बघणाऱ्याला वाटावं की ही तहाच्या आधीची, महायुद्ध संपता संपता ठरलेली जुनी बनावट आहे. जिच्यामुळे पुढे दोस्तांचे रणगाडे धास्तावले, ती ८.८ सेंमी फ्लाकसुद्धा 'फ्लाक १८'.

मला यातली गंमत नव्हे, भीती वाटते ती अशी. खोटं इथे सगळीकडे नाही. व्यास खरा, जात खरी, क्रम खरा. पद्धत इतकी भरवशाची की शेवटच्या दोन आकड्यांवर कोणी शंका घेऊ नये. जिथे सगळंच अघळपघळ असतं तिथे एक खोटा आकडा एवढं काम करू शकत नाही.

ते ठाऊक असायला मला एक कारण आहे, आणि ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नोकरीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी, एका कंपनीत, ग्राहकाच्या तपासणीच्या आदल्या दिवशी मला एका नव्या मॉड्यूलवर जुना आवृत्ती क्रमांक घालायला सांगितलं गेलं. म्हणजे ते आधीच तपासून झालेल्यांच्या यादीत बसलं असतं. एका आकड्याचा बदल होता. मी तो केला आणि सहाच्या बसने घरी गेले. काही बिघडलं नाही, कुणी विचारलं नाही. पुढे दोन वर्षं मी तिथे होते आणि तो क्रमांक तसाच राहिला, कारण तोवर त्याच्यावर आणखी चार गोष्टी उभ्या राहिल्या होत्या. त्या अंगणातल्या पाटीसमोर मला आधी आठवला तो बाईंचा फळा नव्हे, तर तो क्रमांक.

जर्मनांचंही तसंच झालं. मार्च १९३५ मध्ये हिटलरने सक्तीची लष्करभरती जाहीर केली आणि तह उघडपणे झुगारला. त्यानंतर लपवायचं काही उरलं नव्हतं. फ्लाक ३६, पाक ३८, पाक ४० अशी खरी सालं यायलाही लागली. तरी १९३९ मध्ये दाखल झालेली २१ सेंमीची म्योर्झर १८ च, आणि १९४१ मधली १७ सेंमीची कानोनेही १८ च! खोट्या आकड्याची सवय झाली की तो खरा आकडा होतो.

लपवाछपवी जुनीच. पहिल्या महायुद्धात लिएजचे किल्ले फोडणारी ४२ सेंमीची अजस्र तोफ कागदोपत्री 'आखूड आरमारी तोफ' होती. होती मात्र ती भूदलाची. सैनिकांनी तिला 'जाडी बर्था' म्हटलं आणि जगात तेच नाव राहिलं. दुसऱ्या महायुद्धात अग्निबाण सोडणाऱ्या सहा नळ्यांच्या यंत्राला नाव होतं नेबेलव्हेर्फर, म्हणजे धुकं फेकणारं. धुराचा पडदा करायचं बिनधोक अवजार वाटावं असं.

इथे एक भारतीय धागा आहे. तहामुळे देशात काम करता येईना म्हणून क्रुपचे अभियंते स्वीडनला, बोफोर्सच्या कारखान्यात जाऊन बसले होते. हो, तेच बोफोर्स. आपण प्राथमिक शाळेत असताना ज्या नावावरून घरोघरी वाद व्हायचे आणि आपल्याला त्यातलं काही कळायचं नाही, ते. आपल्या सैन्याने घेतलेल्या तोफेचं नाव एफएच-७७. फेल्टहाउबित्स, म्हणजे पुन्हा मैदानी हाउबित्सेच, आणि साल ७७. कारगिलच्या वेळी टीव्हीवर ती डोंगरामागे गोळे टाकताना आपण सगळ्यांनी पाहिली.

युद्ध सुरू झाल्यावर या नेटक्या यादीला एक शेपूट फुटलं. जिंकलेल्या देशांच्या तोफा जर्मनांनी वापरायला घेतल्या आणि प्रत्येकीला आपल्या व्याकरणात बसवलं. व्यास, जात, एक क्रमांक आणि कंसात देशाचं आद्याक्षर. इंग्रजांची पंचवीस पौंडी झाली ८.७६ सेंमी फेल्डकानोने २८०, कंसात ई. फ्रेंचांना एफ, रशियनांना आर. यादी सुंदर दिसते, पण इतक्या जातींचे गोळे आणि सुटे भाग पुरवताना त्यांच्या पुरवठा खात्याचा जीव मेटाकुटीला आला असणार. शिवाय या काटेकोर नावांच्या कितीतरी तोफा शेवटपर्यंत घोडेच ओढत होते.

ज्यांच्यावर त्या रोखल्या होत्या त्यांना व्यासाशी काही देणंघेणं नव्हतं. लेनिनग्राडच्या वेढ्यात नेव्हस्की रस्त्यावर भिंतीवर निळ्या पट्टीत सूचना रंगवली होती की गोळाबारीच्या वेळी रस्त्याची ही बाजू जास्त धोक्याची आहे. तशी सूचना आजही तिथे पाहायला मिळते.

आणि हाउबित्से हा शब्द. तो मुळात जर्मन नाहीच. पंधराव्या शतकात बोहेमियातले हुस्साइट बंडखोर गर्दीवर मारा करायला एक आखूड तोफ वापरत, तिला चेक भाषेत होउफनित्से म्हणत. होउफ म्हणजे जमाव. शब्द जर्मनांनी उचलला, त्यांच्याकडून तो युरोपभर गेला. मार्च १९३९ मध्ये जर्मन सैन्य प्रागमध्ये शिरलं, तेव्हा स्कोडाच्या कारखान्यातल्या हाउबित्सेही त्यांच्या हाती पडल्या. यादीत त्यांची नोंद झाली, १५ सेंमी श्वेरे फेल्डहाउबित्से ३७, पुढे कंसात टी. टी म्हणजे 'चेशिश', चेक. चेकोस्लोव्हाकिया हा देश तोवर नकाशावरून पुसला गेला होता.