मुशी, बाजार आणि कायदा

बीड जिल्ह्याच्या परळी तालुक्यातील सिरसाळा हे गाव समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, ज्वारी-कापसाच्या मुलखात आहे. येथे बसून शार्क माशाविषयी, म्हणजेच आपल्या कोकणच्या मुशीविषयी, लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु मुशीचे भवितव्य बहुधा समुद्रापासून दूर राहणाऱ्या माणसांनीच ठरविले आहे, असे तिचा इतिहास चाळताना आमच्या ध्यानी आले.

कोळ्यांना मुशी परकी नव्हती. डोल जाळ्यात लहान मुशी सापडे. ती ताजी खात, उरलेली खारवून सुकवीत. बाळंतिणीला मुशीचे कालवण मानवते, असा समज होता. मोठ्या मुशीच्या यकृताचे तेल होडीच्या लाकडाला चोपडीत. ही गरज घरापुरती व होडीपुरती होती.

दुसऱ्या महायुद्धाने चित्र पालटले. एप्रिल १९४० मध्ये जर्मनीने नॉर्वेवर आक्रमण केले आणि तेथून येणाऱ्या कॉड माशाच्या तेलाचा पुरवठा तुटला. तेव्हा मुंबई, मद्रास आदी सरकारांनी 'अ' जीवनसत्त्वासाठी शार्कच्या यकृताचे तेल काढण्याचा उद्योग हाती घेतला. पुढे १९४७ च्या सुमारास हे जीवनसत्त्व कारखान्यात कृत्रिमरीत्या बनू लागले आणि यकृताचे महत्त्व ओसरले. त्यानंतर भाव आला तो परांना. पूर्व आशियातील मेजवान्यांत मुशीच्या परांचे सूप प्रतिष्ठेचे मानले जाई. ती मागणी वाढली त्याच काळात आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक ट्रॉलरही वाढले.

मुशीची वीण हा भार सोसणारी नाही. बांगडा किंवा तारली हजारो अंडी सोडते. उलट, मोठ्या जातींच्या अनेक मुशी वयात येण्यास दहा-दहा वर्षे घेतात आणि मोजकीच पिले देतात. मुद्दलच खर्ची पडू लागल्यावर व्याज कोठून येणार? १९७० नंतरच्या अर्धशतकात खुल्या महासागरांतील शार्क व पाकट यांची संख्या सुमारे ७१ टक्क्यांनी घटली, असा निष्कर्ष शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये मांडला.

आपल्या देशात कायदा आला तो २००१ साली. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर चाललेली व्हेल शार्कची शिकार माइक पांडे यांच्या माहितीपटाने २००० मध्ये उघडकीस आणली होती. मे २००१ मध्ये या माशाला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. जुलैमध्ये तर सर्वच मुशी व पाकट यांच्यावर बंदी आली. मुशी वेगळी काढून जाळे टाकता येत नाही. ती इतर मासळीबरोबर येतेच. साहजिकच मच्छीमारांनी विरोध केला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात यादी दहा जातींवर आणावी लागली.

याच्या शेजारी वेरावळचा अनुभव ठेवून पाहावा. तेथे २००४ पासून व्हेल शार्क वाचविण्याची मोहीम चालली. बाळंतपणासाठी माहेरी आलेली लेक, अशी या माशाची ओळख मोरारी बापूंनी लोकांना करून दिली. कापलेल्या जाळ्याची भरपाई वनखाते देऊ लागले. ज्या हातांनी शिकार केली, त्याच हातांनी पुढे जाळी कापून शेकडो मासे सोडले. महाराष्ट्र शासनानेही डिसेंबर २०१८ मध्ये संरक्षित सागरी प्राणी सोडणाऱ्या मच्छीमारांसाठी २५,००० रुपयांपर्यंत भरपाईची योजना केली.

पुढे नियम कडक होत गेले. मुशीचे पर धडापासून अलग करून आणण्यास २०१३ मध्ये मनाई झाली, २०१५ मध्ये परांची निर्यात बंद झाली आणि २०२२ च्या दुरुस्तीने संरक्षित जातींची यादी वाढली. हे सर्व इष्टच आहे. तथापि भर समुद्रात, मध्यरात्री, जाळ्यात धडपडणाऱ्या जिवाजवळ अधिकारी नसतो. तेथे तांडेल आणि त्याचे खलाशी असतात. जाळे फाटले तर त्यांच्या घरची चूल अडते. दुष्काळाची झळ सोसलेल्या आमच्या मराठवाड्याला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. ज्या बाजाराने मुशीचा नफा घेतला, तो किनाऱ्यापासून दूर होता. तिच्या रक्षणाचा खर्चही केवळ किनाऱ्याने सोसावा, हा न्याय नव्हे. जाळ्याची भरपाई तत्परतेने देणे हे उपकार नसून आपल्या सर्वांकडून येणे असलेली बाकी आहे.