क्लोरोफॉर्मची क्रिया व हैदराबाद आयोग

हैदराबाद क्लोरोफॉर्म आयोग : क्लोरोफॉर्म हे शुद्धिहारक (भूल देणारे) औषध शरीरात कोठे व कसे कार्य करते आणि त्याच्या वापरात मृत्यू ओढवल्यास तो श्वसन थांबल्याने येतो की हृदयक्रिया बंद पडल्याने, हे ठरविण्यासाठी हैदराबाद संस्थानात १८८८ व १८८९ मध्ये नेमण्यात आलेले दोन आयोग. आजचा जालना जिल्हा त्या वेळी याच संस्थानाच्या मराठवाडा भागात मोडत असे. एखाद्या औषधाच्या क्रियेसंबंधीचा वाद प्रयोगांच्या साहाय्याने मिटविण्याच्या भारतातील आरंभीच्या मोठ्या प्रयत्नांत या आयोगांची गणना होते. त्यांचा निष्कर्ष पुढे अपुरा ठरला. तो का अपुरा ठरला, हे समजून घेणे औषधक्रियेच्या अभ्यासाच्या दृष्टीने उद्‌बोधक आहे.

पार्श्वभूमी : एडिनबरो येथील जेम्स यंग सिंप्सन यांनी नोव्हेंबर १८४७ मध्ये क्लोरोफॉर्मचा शुद्धिहारक म्हणून उपयोग प्रचारात आणला. ईथरच्या तुलनेने त्याची क्रिया जलद होते, वास सौम्य असतो, ते पेट घेत नाही व अल्प मात्रेत पुरते. यामुळे, विशेषतः उष्ण हवेच्या व साधनांची टंचाई असलेल्या प्रदेशांत, त्याचा प्रसार झपाट्याने झाला. घडी केलेले कापड व औषधाची बाटली एवढ्या सामग्रीवर शस्त्रक्रिया करता येऊ लागली. परंतु २८ जानेवारी १८४८ रोजी इंग्लंडमधील न्यूकॅसलनजीक हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचे नख काढण्याच्या किरकोळ शस्त्रक्रियेच्या वेळी क्लोरोफॉर्म दिल्यावर काही मिनिटांतच मरण पावली. यानंतर असे मृत्यू अधूनमधून नोंदले जाऊ लागले. त्यांतील पुष्कळसे रोगी धडधाकट होते, शस्त्रक्रिया लहान होती आणि भूल पूर्ण चढण्यापूर्वीच मृत्यू आला होता, ही बाब विशेष कोड्यात टाकणारी होती.

या मृत्यूंच्या कारणांविषयी दोन मते पुढे आली. लंडनमधील जॉन स्नो यांच्या मते श्वासावाटे जाणाऱ्या हवेतील बाष्पाचे प्रमाण एकाएकी वाढले, तर हृदयावर थेट आघात होतो. म्हणून ते प्रमाण मोजून द्यावे व सु. ४ ते ५ टक्क्यांपलीकडे जाऊ देऊ नये. याउलट एडिनबरोचे शस्त्रक्रियातज्ञ जेम्स साइम व त्यांचे अनुयायी यांच्या मते धोका श्वसनाला असून रोग्याच्या श्वासाकडे अखंड लक्ष ठेवले की पुरे; नाडी पाहण्याची आवश्यकता नाही. हा भेद केवळ तात्त्विक नव्हता. भूल देणाऱ्याने नाडीवर बोट ठेवावे की छातीच्या हालचालीवर नजर ठेवावी, हे त्यावर अवलंबून होते व पर्यायाने रोग्याचे प्राणही.

आयोगांची स्थापना : साइम यांचे शिष्य एडवर्ड लॉरी हे हैदराबाद येथे रेसिडेन्सीचे शस्त्रवैद्य आणि वैद्यकशाळेचे प्रमुख होते. ही वैद्यकशाळा १८४६ मध्ये स्थापन झाली असून पुढे तीच उस्मानिया वैद्यकीय महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आली. लॉरी यांच्या देखरेखीखाली हजारो रोग्यांना क्लोरोफॉर्म देण्यात आला होता आणि श्वसनाकडे लक्ष दिल्यास हे औषध निर्धोक आहे, अशी त्यांची ठाम समजूत झाली होती. याच शाळेत शिकलेल्या रूपाबाई फरदूनजी यांची गणना जगातील आद्य स्त्री शुद्धिहरणतज्ञांत केली जाते.

सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या शासनाने दिलेल्या आर्थिक साहाय्याने पहिला आयोग १८८८ मध्ये नेमण्यात आला. कुत्र्यांवरील प्रयोगांत प्रत्येक वेळी श्वसन आधी थांबते व हृदय त्यानंतर, असे त्यास आढळले. लंडनच्या द लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने हा निष्कर्ष मान्य केला नाही. तेव्हा निजाम शासनाने १,००० पौंड देऊ करून त्या नियतकालिकानेच आपला तज्ञ पाठवावा, असे सुचविले. त्यानुसार औषधिक्रियाविज्ञ टी. लॉडर ब्रंटन १८८९ च्या अखेरीस हैदराबादेस आले. लॉरी अध्यक्ष असलेल्या दुसऱ्या आयोगात ब्रंटन यांच्यासह जेराल्ड बॉमफर्ड व रुस्तमजी हकीम हे सदस्य होते.

प्रयोग व निष्कर्ष : कुत्री, माकडे, घोडे, शेळ्या, मांजरे व ससे अशा ४०० हून अधिक प्राण्यांवर प्रयोग करण्यात आले. त्यांपैकी अनेकांत रक्तदाबमापकाच्या साहाय्याने रक्तदाबाचे आलेख घेण्यात आले. क्लोरोफॉर्म देत राहिल्यास रक्तदाब हळूहळू उतरतो, नंतर श्वसन थांबते आणि हृदय त्यानंतरही काही काळ चालू राहते. या अवधीत कृत्रिम श्वसन दिल्यास प्राणी वाचू शकतो, असे दिसून आले. हृदयाची गती मंद करणाऱ्या प्राणेशा तंत्रिकेची क्रिया उलट संरक्षक असते, कारण तिच्यामुळे मेंदूकडे जाणारे औषध कमी होते, असेही प्रतिपादन करण्यात आले. हृदयाला धोका असतो असे मानणाऱ्या ब्रंटन यांनी आपले मत बदलले व ही वार्ता लंडनला तारेने कळविली. भूल देणाऱ्याने केवळ श्वसनाकडे लक्ष द्यावे, हा आयोगाचा व्यावहारिक उपदेश होता. १८९० मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला.

आक्षेप व पुढील संशोधन : आयोगाने नोंदलेले आलेख खोटे नव्हते, मात्र त्यांवरून काढलेले अनुमान व्यापक होते. केंब्रिज येथील गॅस्केल व शोअर यांनी १८९३ मध्ये दोन प्राण्यांच्या रक्ताभिसरणांची अदलाबदल करून क्लोरोफॉर्मयुक्त रक्त एका वेळी केवळ मेंदूकडे व दुसऱ्या वेळी केवळ हृदयाकडे पोहोचविले. रक्तदाब उतरण्याचे कारण औषधाची हृदयावरील प्रत्यक्ष क्रिया हेच आहे, असे त्यातून दिसले. यानंतर बाष्पाचे प्रमाण नियंत्रित करण्याकडे लक्ष वळले व व्हर्नन हारकोर्ट यांनी २ टक्क्यांपेक्षा अधिक बाष्प जाऊ न देणारे श्वसनयंत्र तयार केले.

मूळ कोडे सुटले ते १९११ च्या सुमारास. ए. गुडमन लीव्ही यांनी मांजरांवर प्रयोग करून असे दाखविले की, गाढ शुद्धिहरणात नव्हे, तर हलक्या शुद्धिहरणातच हृदयाला सर्वांत मोठा धोका असतो. भीती, धडपड किंवा वेदना यांमुळे अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रेनॅलीन स्रवते. क्लोरोफॉर्मच्या संपर्कामुळे हृदयाचा स्नायू त्यास अतिसंवेदनशील झालेला असतो. अशा स्थितीत निलयांचे स्नायुतंतू एकत्र आकुंचन न पावता विस्कळितपणे थरथरत राहतात. रक्त पुढे ढकलले जात नाही व मृत्यू तत्काळ येतो. हॅना ग्रीनरसारखे भूल चढण्यापूर्वीच दगावलेले रोगी का मेले, याचा उलगडा यातून झाला. हैदराबादच्या प्रयोगांत मुख्यतः अतिमात्रेने येणारा मृत्यू तपासला गेला आणि त्यात श्वसन आधी थांबते हे खरेच होते. रुग्णालयांतील अनेक मृत्यू मात्र निराळ्या मार्गाने येत होते.

औषधक्रियेचे स्वरूप : क्लोरोफॉर्मचे उदाहरण औषधांविषयी सामान्यतः विचारल्या जाणाऱ्या काही प्रश्नांची उत्तरे स्पष्ट करते. औषध नेमके दुखऱ्या किंवा इष्ट जागीच कसे पोहोचते, हा त्यांतील पहिला प्रश्न होय. वस्तुतः औषध जागा निवडीत नाही. बाष्परूप क्लोरोफॉर्म फुप्फुसांतील वायुकोशांतून रक्तात शिरते व रक्ताबरोबर सर्वत्र जाते. मेंदू, हृदय, यकृत व वृक्क यांना रक्तपुरवठा विपुल असल्याने तेथे ते लवकर पोहोचते; स्नायूंत सावकाश आणि मेदात त्याहूनही सावकाश साठते. इष्ट परिणाम मेंदूवर होत असताना अनिष्ट परिणाम हृदयावर होण्याचे कारण हेच.

त्याच मात्रेचा परिणाम सर्वांवर सारखा का होत नाही, हा दुसरा प्रश्न. परिणाम बाटलीतील मात्रेवर नव्हे, तर त्या त्या ऊतकातील औषधाच्या प्रमाणावर अवलंबून असतो. श्वसनाची खोली, रक्ताभिसरणाचा वेग, वय, शरीरातील मेद, यकृताची स्थिती व रोग्याची मानसिक अवस्था यांनुसार हे प्रमाण किंवा ऊतकाची संवेदनशीलता बदलते. घाबरलेला रोगी खोल व अनियमित श्वास घेतो, त्यामुळे बाष्प एकदम अधिक जाते. त्याच वेळी ॲड्रेनॅलीनही वाढलेले असते.

औषध पुढे कोठे जाते, हा तिसरा प्रश्न. क्लोरोफॉर्मचा मोठा भाग निःश्वासावाटे जसाच्या तसा बाहेर पडतो. उरलेल्या भागावर यकृतातील एंझाइमांची क्रिया होऊन फॉस्जीन हे विषारी संयुग तयार होते व यकृत आणि वृक्क यांच्या कोशिकांना इजा पोहोचते. शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांनी येणाऱ्या मृत्यूंचे कारण हेच होते. यावरून औषधाचे शरीरात होणारे रूपांतर नेहमीच निर्विषीकरण नसते, हे ध्यानात येते.

शुद्ध हरपण्याची मूळ क्रिया कशी घडते, याविषयी हान्स मायर (१८९९) व अर्नेस्ट ओव्हर्टन (१९०१) यांनी असे दाखविले की, शुद्धिहारकाची प्रबलता त्याच्या तेलातील विद्राव्यतेच्या प्रमाणात असते. त्यावरून कोशिकापटलातील वसा हेच क्रियास्थान मानले गेले. फ्रँक्स व लीब यांच्या १९८४ मधील संशोधनापासून मात्र प्रथिनांवरील प्रत्यक्ष क्रियेकडे लक्ष वेधले गेले. तंत्रिकांचे उद्दीपन रोखणाऱ्या संदेशांचे ग्राही व काही पोटॅशियम मार्गिका ही आता प्रमुख क्रियास्थाने समजली जातात.

महत्त्व : विसाव्या शतकात सुरक्षित शुद्धिहारके उपलब्ध झाल्यावर क्लोरोफॉर्मचा हा उपयोग मागे पडत गेला व शेवटी बंद झाला. १९५६ पासून वापरात आलेल्या हॅलोथेनमध्येही हृदयाला ॲड्रेनॅलीनविषयी संवेदनशील करण्याचा गुण काही अंशी आढळला. तो वेळीच ओळखता आला, याचे श्रेय क्लोरोफॉर्मवरील संशोधनाला आहे. आता भूल देताना श्वसन, नाडी, रक्तदाब, हृद्‌विद्युत् आलेख व रक्तातील ऑक्सिजन या सर्वांवर एकाच वेळी लक्ष ठेवले जाते. श्वसन की नाडी, हा वाद अशा रीतीने दोन्हींचा स्वीकार होऊन संपला.

जालना येथे त्या काळी हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती. आयोगांचे प्रयोग मात्र हैदराबाद शहरातच झाले. जालना व आसपासचे तालुके १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन होईपर्यंत त्याच शासनाखाली होते, १९५६ मध्ये ते मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आले आणि १ मे १९८१ रोजी औरंगाबाद व परभणी या जिल्ह्यांचे भाग मिळून स्वतंत्र जालना जिल्हा अस्तित्वात आला. या प्रदेशाच्या वैद्यकीय इतिहासात हैदराबादच्या आयोगांना स्थान आहे ते त्यांच्या निष्कर्षासाठी नव्हे. एका औषधाविषयीचा प्रश्न अधिकारवाणीने न सोडविता प्रयोगाने सोडवावा, हा आग्रह त्यांनी धरला आणि त्यांचे आलेख प्रसिद्ध झाल्यामुळेच त्यांच्यातील उणीव इतरांना दाखविता आली, यासाठी होय.