ट्रॉयच्या उत्खननांतील एक संसार

पुराणवस्तुसंशोधकाच्या प्रणयाची गोष्ट निघाली, कीं ऐकणाऱ्याच्या ओठांवर हसूं येतें. चार हजार वर्षांपूर्वींच्या खापरांत रमणाऱ्या मनुष्याला जिवंत माणसाकडे पाहण्यास सवड कोठून मिळणार, अशी लोकांची समजूत आहे. हाइनरिख श्लीमान याचा विवाह पाहिला म्हणजे ती समजूत अगदींच निराधार नव्हे असें वाटूं लागतें.

श्लीमान १८२२ सालीं उत्तर जर्मनींतील एका गरीब पाद्र्याच्या घरीं जन्मला. रशियांत निळीच्या व्यापारावर त्यानें अमाप पैसा मिळविला, आणि पुढें होमरनें वर्णिलेलें ट्रॉय नगर उकरून काढण्याचा ध्यास घेतला. पहिली रशियन पत्नी या नादांत सामील होईना. १८६९ सालीं अमेरिकेंतील इंडियानापोलिस येथें जाऊन त्यानें तिच्याशीं काडीमोड घेतला; पण तो पदरीं पडण्यापूर्वींच अथेन्समधील एका धर्मगुरु मित्राला पत्र लिहून ग्रीक स्थळ पाहण्याची कामगिरी सोंपविली होती. वधू गरीब असली तरी चालेल. मात्र ती सुशिक्षित, काळ्या केसांची, प्रेमळ आणि होमरची भक्त असावी! मित्रानें आपल्याच नात्यांतील सोफिया ही मुलगी सुचविली. तिचें वय १७, वराचें ४७. ‘माझ्याशीं लग्न कां करतेस?’ या प्रश्नास तिनें ‘आपण श्रीमंत आहां असें आईबाप सांगतात म्हणून’ असें सरळ उत्तर दिलें आणि स्वारी रुसली, अशी आख्यायिका आहे. तथापि त्याच वर्षीं सप्टेंबरांत विवाह झाला.

१८७३ च्या मे महिन्याच्या अखेरीस हिसार्लिकच्या टेकडींत श्लीमानला सोन्याचा ठेवा सांपडला. एका शिरोभूषणांतच सोन्याचे १६,००० हून अधिक तुकडे होते. मजुरांना सुटी देऊन आपण सुरीनें ठेवा मोकळा केला आणि सोफियानें तो शालींत बांधून नेला, असें त्यानें प्रसिद्ध केलें. धनी कड्याखालीं, धनीण शाल पसरून उभी. याहून सुंदर संसारचित्र कोणतें?

परंतु सोफिया तेथें नव्हतीच! वडील वारल्यामुळें ती आधींच अथेन्सला गेली होती. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत ब्रिटिश म्युझियममधील न्यूटन यांना लिहिलेल्या पत्रांत श्लीमाननें हें स्वतःच कबूल केलें. पत्नीला पुराणवस्तुशास्त्रज्ञ करावयाचें आहे, म्हणून तिला तेथें हजर दाखविलें, हें त्याचें समर्थन. पतीच्या दृष्टीनें हें प्रेम असेल. इतिहासाच्या दृष्टीनें ती खोटी साक्ष होय. एका ठिकाणीं साक्षीदार कल्पित ठरला, कीं बाकीच्या वृत्तान्तावर विश्वास किती ठेवावा, हा प्रश्न उरतोच, आणि विद्वानांनीं तो पुढें कसून विचारला. ठेव्याला दिलेलें ‘प्रायम राजाचें धन’ हें नांवही चुकीचें होतें. ट्रोजन युद्धाचा जो काळ मानतात, त्याहून तें सोनें हजारांवर वर्षें जुनें आहे.

नवल असें, कीं तें असत्य पुढें पुष्कळसें खरें झालें. १८७६ सालीं मायसीनी येथें एका भव्य घुमटाकार थडग्याच्या उत्खननावर सोफियानें खरोखरच देखरेख केली, आणि १८७७ च्या जूनमध्यें लंडनच्या विद्वत्सभेपुढें तिनें भाषणही केलें. तोंवर एका मुलीची, अँड्रोमाकीची, ती आई झाली होती. १८७८ सालीं मुलगा झाला, त्याचें नांव अ‍ॅगमेम्नॉन. बिचाऱ्या लेंकरांनाही होमरमधून सुटका नव्हती.

१८९० च्या डिसेंबरांत नेपल्स येथें श्लीमान घरापासून दूर वारला. सोफिया १९३२ पर्यंत जगली. बर्लिनला दिलेलें तें सोनें १९४५ सालीं तेथून नाहींसें झालें, आणि १९९६ सालीं मॉस्कोच्या पुश्किन संग्रहालयांत लोकांपुढें मांडलें गेलें. तें अंगावर घालून बसलेल्या तरुण सोफियाचें छायाचित्र मात्र ट्रॉयवरील पुस्तकांत अजून छापलें जातें.